मशेरीची डबी आणि डाउनलोड केलेले पत्रक: सीमाभागात आरोग्यसंवादासाठी ऑनलाइन साहित्य कसे वापरावे

निपाणी तालुक्यातील एका गावात काही वर्षांपूर्वी आम्ही तंबाखूविरोधी पत्रके वाटली होती. पत्रक एका संकेतस्थळावरून उतरवून घेतलेले होते, त्यातली मराठी निर्दोष होती, छपाई रंगीत होती आणि मधोमध धुराच्या वेटोळ्यात जळणारी सिगारेट होती. अंगणवाडीच्या ओट्यावर जमलेल्या बायकांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि त्यांच्यातील एक वयस्क बाई म्हणाल्या, "हे आमच्या मालकांस्नी दावा. बायकांत कोण वडतंय?" तुम्ही तंबाखू खाता का, या आमच्या प्रश्नालाही एकजात "नाही" असेच उत्तर आले. निघता निघता माझ्या सहकारी बाईंनी सहज विचारले, की सकाळी दात कशाने घासता? तेव्हा मात्र सहा-सात जणींनी चंचीतून आणि कनवटीतून डब्या काढल्या. त्या डब्यांत मशेरी होती, म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच. पण ती खायची वस्तू नाही, दाताला लावायची वस्तू आहे, असा तिथला हिशेब होता आणि आमच्या पत्रकाला त्या हिशेबाची गंधवार्ता नव्हती.

आरोग्यविषयक सवयी बदलण्यासाठी लोकांशी कसे बोलावे, याविषयीचे साहित्य आज इंटरनेटवर मुबलक आहे आणि त्यातले बहुतेक फुकट आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी या पट्ट्यात मराठीतून काम करणाऱ्या आशा कार्यकर्त्या, शिक्षक, महिला मंडळे आणि तरुण मंडळे यांना ते कसे वापरता येईल, हे येथे सांगत आहे. त्या भांडारातून चित्रे आणि वाक्ये उसनी घेण्याआधी प्रश्न विचारण्याची रीत उसनी घ्यावी, असा माझा आग्रह आहे. चित्र आणि वाक्य गावातच घडवावे लागते.

शोध घेण्याआधी एक ओळ

संगणक उघडण्याआधी कागदावर एक ओळ लिहावी: कोणी, काय, कधी आणि कुठे करावे किंवा करणे थांबवावे. "तंबाखूविषयी जनजागृती करणे" ही ती ओळ नव्हे, कारण जागृती झाली की नाही हे कोणाला दिसत नाही आणि मोजताही येत नाही. "गरोदर सुनेने आणि तिच्या सासूने सकाळी मशेरी न लावता ब्रशने दात घासावेत" ही ओळ चालेल. तिच्यात सासू मुद्दाम आली आहे, कारण तंबाखू भाजते ती आणि डबी भरते तीच, आणि घरात डबी भरलेली असताना एकट्या सुनेला उपदेश करून काही साधत नाही.

ही ओळ नेमकी असण्याचे निपाणी भागात आणखी एक कारण आहे. तिथे तंबाखू हे शेतातले पीक आहे, वखारीतली मजुरी आहे आणि हजारावर मोजल्या जाणाऱ्या विड्यांतून बायकांच्या हातात येणारा पैसा आहे. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांचे जे आंदोलन झाले, ते याच निपाणीत. अशा ठिकाणी "तंबाखू वाईट" एवढेच वाक्य घेऊन गेलेला माणूस ऐकणाऱ्याला आपल्या चुलीवर उठलेला वाटतो आणि पुढचे ऐकून घेतले जात नाही. पिकाचा आणि रोजगाराचा प्रश्न मोठा आहे, तो पत्रकाने सुटणारा नाही. पत्रकाने तोंडापुरते, म्हणजे अक्षरशः तोंडाच्या आरोग्यापुरते बोलावे.

रीत कुठे शिकावी

पहिले नाव द कंपास फॉर एसबीसी (एसबीसी म्हणजे सामाजिक आणि वर्तनविषयक बदल) या संकेतस्थळाचे घ्यावे लागेल. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सेंटर फॉर कम्युनिकेशन प्रोग्रॅम्स या संस्थेचे हे भांडार आहे. त्यात वेगवेगळ्या देशांतील मोहिमांची पत्रके, रेडिओ-संहिता आणि चित्रफिती आहेत. पण आपल्या दृष्टीने त्यांतला सर्वांत उपयोगी भाग म्हणजे "कसे करावे" या स्वरूपाची छोटी मार्गदर्शके. श्रोत्यांचा अभ्यास कसा करावा, त्यांचे गट कसे पाडावेत, संदेश कसा लिहावा, छापण्याआधी तो कसा तपासावा, असे एकेक काम घेऊन ती लिहिलेली आहेत. याच संस्थेने १९८०च्या दशकात रूढ केलेली पी-प्रोसेस नावाची पाच टप्प्यांची पद्धत तिथे सापडते: आधी चौकशी, मग आराखडा, मग साहित्य तयार करून त्याची पडताळणी, मग प्रत्यक्ष काम आणि त्यावर लक्ष, आणि शेवटी मूल्यमापन करून पुढची दुरुस्ती. आमचे सिगारेटचे पत्रक चौकशी आणि आराखडा हे दोन्ही टप्पे ओलांडून थेट छापखान्यात गेले होते, हे ही यादी वाचताना माझ्या लक्षात आले.

दुसरे उपयुक्त स्थळ युनिसेफचे. सामाजिक आणि वर्तनविषयक बदलाबाबत युनिसेफने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेले मार्गदर्शन स्वतंत्र संकेतस्थळावर सुटसुटीत प्रकरणांत मांडलेले आहे. लसीकरणाचे काम करणाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेची लस घेण्यामागील वर्तनविषयक आणि सामाजिक कारणे शोधण्याची प्रश्नावलीही पाहावी. लोक लस का घेत नाहीत, याचे उत्तर "अज्ञान" असे आधीच ठरवून न टाकता दवाखान्याची वेळ, अंतर, घरातील परवानगी आणि मागचा अनुभव यांविषयी कसे विचारावे, ते तिच्यातून कळते.

सिद्धान्तांच्या रानात फार भटकू नये. एकच साचा पुरेसा आहे, तो म्हणजे सुझन मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेला कॉम-बी. कोणतीही कृती घडण्यासाठी माणसाकडे क्षमता लागते, संधी लागते आणि प्रेरणा लागते, असे तो सांगतो. हे तीन शब्द आम्ही मशेरीला लावून पाहिले तेव्हा पुष्कळ उलगडले. मशेरी म्हणजे तंबाखूच, हे निम्म्या बायकांच्या डोक्यात नव्हते. ही क्षमतेची बाजू झाली. पहाटे चुलीशी, मोरीपाशी किंवा परड्यात शेजारणींबरोबर चार घटका बोलण्याची तीच एक वेळ होती आणि डबी हातोहात फिरत होती. ही संधीची बाजू. आणि प्रेरणेची बाजू विचारली तेव्हा दोनच उत्तरे पुन्हा पुन्हा आली: "लावल्याबिगर कोठा साफ होत नाही" आणि "दाढ ठणकायची थांबते". कॅन्सरची भीती घालणारे कोणतेही पत्रक या दोन उत्तरांना स्पर्श करत नाही. सकाळी कोमट पाणी पिणे, जेवणात पालेभाज्या वाढवणे आणि ठणकणारी दाढ दंतवैद्याला दाखवणे, या तीन साध्या गोष्टी आमच्या पुढच्या पत्रकात आल्या त्या या चौकशीमुळे.

ही संकेतस्थळे मुख्यतः इंग्रजीत आहेत, म्हणून बिचकण्याचे कारण नाही. मार्गदर्शकातील उपशीर्षके आणि कोरे तक्ते तेवढे मराठीत उतरवून घ्यावेत, कारण काम तक्त्यावर होते. मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. यातील बरेच साहित्य अमेरिकी सरकारच्या युसेड या संस्थेच्या निधीतून उभे राहिले होते आणि २०२५ मध्ये ती संस्था मोडीत काढण्यात आली. एखादा दुवा उघडत नसेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याचा पत्ता टाकून जुनी प्रत शोधावी, आणि जे उपयोगी वाटेल ते त्याच दिवशी आपल्या संगणकावर उतरवून तारखेसह जपून ठेवावे.

आपल्या भागाचे आकडे आणि अभ्यास

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीची, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळातील, जिल्हानिहाय माहितीपत्रके फुकट मिळतात. शोधताना जुने आणि नवे अशी दोन्ही नावे टाकावीत, कारण जिल्ह्याचे अधिकृत नाव २०१४ मध्ये बेळगावी झाले असले तरी बहुतेक अभ्यास आणि तक्ते अजून जुन्या इंग्रजी स्पेलिंगखाली दडलेले आहेत. जिल्ह्याचा आकडा सबंध जिल्ह्याचा असतो, हेही ध्यानात ठेवावे. खानापूरच्या जंगलातील वाडी आणि अथणीचा उसाचा पट्टा त्यात एकत्र मिसळलेला असतो.

तंबाखूसाठी प्रौढांच्या तंबाखूसेवनाची जागतिक पाहणी, म्हणजे गॅट्स, अधिक उपयोगी आहे. तिच्या भारतातील २०१६-१७च्या फेरीनुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होते, पण धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. कर्नाटकात एकूण प्रमाण २२.८ टक्के होते, त्यात धूम्रपान ८.८ आणि धूरविरहित १६.३ टक्के. हे आकडे आधी पाहिले असते तर सिगारेटचे चित्र आम्ही निवडलेच नसते. या पाहणीत मिश्री (म्हणजे मशेरीच), गुल, गुडाखू यांसारख्या दाताला लावण्याच्या तंबाखूविषयी स्वतंत्र प्रश्न आहे. जो प्रश्न आमच्या सहकारी बाईंना निघता निघता सुचला, तो प्रश्नावलीत आधीपासून तयार होता.

संशोधनपर लेखांसाठी पबमेड सेंट्रल हे मोफत भांडार आहे. तिथे रोमन लिपीत "मिश्री" आणि "मशेरी" अशी दोन्ही स्पेलिंगे टाकून पाहावीत आणि जोडीला तंबाखू हा शब्द द्यावा, नाहीतर साध्या शोधात खडीसाखर हाती लागते. मुंबईतील गरोदर स्त्रियांवर झालेला आणि २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास अशा शोधातूनच आमच्या हाती आला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरल्याचे त्यात नोंदलेले आहे. हा आकडा सासूला सांगता येतो. "निकोटिनचे दुष्परिणाम" सांगता येत नाहीत.

जाता जाता एक सांगते. जगाच्या उपयोगी पडलेले काही संशोधन आपल्याच गावांत झालेले आहे. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव रोखण्यासाठी मिसोप्रोस्टॉल या गोळीचा जो अभ्यास २००६ मध्ये लॅन्सेटमध्ये आला, तो बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत, सहायक परिचारिकांच्या हातून आणि १६२० स्त्रियांच्या सहभागाने झाला होता. बाहेरचे साहित्य वाचताना आपण केवळ घेणारे आहोत असे समजण्याची गरज नाही.

मराठी महाराष्ट्राची, दवाखाना कर्नाटकाचा

सीमाभागात काम करणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते. मराठीतील तयार आरोग्यसाहित्य बहुतांशी महाराष्ट्र शासनाचे असते, आणि पुण्याच्या राज्य आरोग्य शिक्षण व संपर्क विभागाकडून निघणारी भित्तिपत्रके भाषेच्या दृष्टीने चांगली असतात. परंतु त्यांत योजना महाराष्ट्राच्या, पदनामे महाराष्ट्राची आणि कार्यालयेही महाराष्ट्राची असतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे पत्रक हातात घेऊन एखादा रुग्ण बेळगावच्या रुग्णालयात गेला, तर तिथे आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक ही योजना चालते आणि त्याला परत फिरावे लागते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी भाषकांना फुले योजनेचा लाभ देण्याचे ठरवले आणि कर्नाटक सरकारने त्याला विरोध केला, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला. यावर माझा नियम साधा आहे: ज्या रुग्णालयात माणूस जाणार, त्या रुग्णालयाच्या मदतकक्षावर स्वतः विचारून खात्री केल्याशिवाय कोणत्याही योजनेचे नाव पत्रकावर छापायचे नाही.

उलट, कर्नाटकाच्या आरोग्य खात्याचे साहित्य योजना, वेळापत्रक आणि पदनामे यांच्या दृष्टीने आपल्या गावाला लागू असते, पण ते कन्नडमध्ये असते. म्हणून एकाच विषयाची दोन पत्रके शेजारी शेजारी ठेवावीत, एक बेंगळुरूहून आलेले आणि एक पुण्याहून आलेले. काय करायचे, कुठे जायचे आणि कोणाला भेटायचे हे कन्नड पत्रकातून घ्यावे. ते कसे सांगायचे हे मराठी पत्रकातून घ्यावे. तयार झालेले पत्रक द्विभाषिक ठेवणे उत्तम, कारण प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका अनेकदा कन्नड भाषक असते आणि आपल्या दारात आलेल्या बाईला काय सांगितले गेले आहे, हे तिलाही वाचता आले पाहिजे. भाषेच्या वादाचे जे काय व्हायचे ते इतरत्र होवो. औषधाच्या मात्रेत तो आणू नये.

दूरध्वनी क्रमांकांचेही असेच आहे. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय सेवा १८००-११-२३५६, क्षयरोगासाठीची १८००-११-६६६६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६ हे क्रमांक देशभर एकच आहेत, म्हणून पत्रकावर निर्धास्तपणे देता येतात. रुग्णवाहिकेचा १०८ आणि आरोग्यसल्ल्याचा १०४ हे क्रमांक मात्र दोन्ही राज्यांत वेगवेगळ्या यंत्रणांकडे जातात, आणि सीमेलगतच्या गावात मोबाइल पलीकडच्या टॉवरला लागलेला असेल तर फोन भलत्याच राज्यात जाण्याची शक्यता असते. अशा गावात मागच्या वेळी रुग्णवाहिका बोलावताना काय झाले, हे आशा कार्यकर्तीला विचारावे आणि १०८च्या खाली जवळच्या आरोग्य केंद्राचा क्रमांकही छापावा. सल्लासेवेचा जो क्रमांक छापायचा आहे तो आधी स्वतः लावून पाहावा: भाषा निवडायला कोणते बटण दाबावे लागते, माणूस किती वेळाने बोलतो आणि तो मराठीत बोलतो का, याची नोंद करावी. सिगारेटच्या आणि गुटख्याच्या वेष्टनावर इशारा छापलेला असतो आणि तंबाखू सोडण्यासाठीचा क्रमांकही असतो. घरी भाजलेल्या मशेरीला वेष्टनच नसते, त्यामुळे त्या बायकांपर्यंत तो क्रमांक कधीच पोहोचलेला नव्हता.

शब्द, लिपी आणि आवाज

इंग्रजी किंवा कन्नड मजकूर मराठीत आणण्यासाठी गुगल ट्रान्सलेट आणि केंद्र सरकारची भाषिणी ही दोन्ही साधने कच्चा खर्डा करण्यास चांगली आहेत. खर्डा आल्यावर तो गावातल्या एखाद्या बाईला मोठ्याने वाचून दाखवावा आणि ज्या शब्दाशी ती अडखळते तो काढावा. अतिसार म्हटल्यावर कोणी मान डोलावत नाही, जुलाब म्हटल्यावर डोलावते. स्तनपान नव्हे, अंगावर पाजणे. रक्तक्षय नव्हे, अंगात रक्त कमी. उच्च रक्तदाब नव्हे, बीपी. क्षयरोग नव्हे, टीबी. त्यानंतर ज्याने मूळ पाहिलेले नाही अशा दुभाषी माणसाकडून मराठीचे पुन्हा मूळ भाषेत भाषांतर करून घ्यावे आणि मुळाशी ताडून पाहावे. औषधाची मात्रा, दिवस आणि वय यांतील चुका या उलट भाषांतरातच पकडल्या जातात.

लिपीची अडचण वेगळीच आहे. घरात मराठी बोलणारी कितीतरी मुले कन्नड माध्यमात शिकतात, त्यांना देवनागरी वाचायला वेळ लागतो. आजी देवनागरी वाचते पण तिला चष्मा लागतो. अशा घरात एका मिनिटाच्या आतली ध्वनिफीत कोणत्याही पत्रकापेक्षा पुढे जाते, मात्र आवाज त्याच गावातला हवा. पुस्तकी मराठीत सांगितलेले "आपण मशेरीचा त्याग करावा" हे वाक्य ऐकून बायका हसल्या. तेच गावातल्या एका बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी आपल्या बोलीत सांगितले तेव्हा दुसऱ्या गल्लीतून "ती फीत आम्हांस्नी बी पाठवा" असा निरोप आला. बेळगावात केएलई संस्थेचे वेणुध्वनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. अशा केंद्रांना स्थानिक आवाजातील आरोग्यविषयक मजकूर हवा असतो, म्हणून त्यांच्याकडेही विचारावे.

छापायचेच असेल तर मोफत मिळणारे मुक्त किंवा नोटो सान्स यांसारखे युनिकोड फाँट वापरावेत. नोटोमध्ये कन्नडही त्याच वळणात मिळते, त्यामुळे द्विभाषिक पत्रक एकसारखे दिसते. छापखान्यात जुन्या पद्धतीचे श्रीलिपी किंवा नुडी हे फाँट वापरत असतील तर युनिकोड मजकूर तिथे चिकटवल्यावर वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात. त्यामुळे मजकूर पीडीएफ करून द्यावा आणि छपाईपूर्व प्रत स्वतः वाचल्याशिवाय होकार देऊ नये. आमच्या एका पत्रकात "दोन आठवडे" या शब्दांतील मात्रा उडून काय झाले, ते येथे सांगत बसत नाही.

छापण्याआधी दहा घरे

पडताळणीला खर्च येत नाही, तरी तीच सर्वांत जास्त टाळली जाते. संदेश ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यातील आठ-दहा जणांना तो एकेकटे गाठून दाखवावा आणि पाच गोष्टी तपासाव्यात: समजले का, लक्ष गेले का, पटले का, हे आपल्यासाठीच आहे असे वाटले का, आणि हे पाहून काय करावेसे वाटले. "समजले का?" असे थेट विचारू नये, कारण पाहुण्याला नाही म्हणणे आपल्याकडे बरे दिसत नाही. "हे तुमच्या जावेला कसे सांगाल?" असे विचारावे, म्हणजे काय समजले ते आपोआप बाहेर येते.

खानापूर तालुक्यात ओआरएसच्या पत्रकाची पडताळणी करताना आम्ही त्याहून एक पाऊल पुढे गेलो आणि पाकीट हातात देऊन करून दाखवायला सांगितले. पत्रकावर "१ लिटर स्वच्छ पाण्यात संपूर्ण पाकीट मिसळावे" असे ठळक छापलेले होते. पहिल्या घरी बाईंनी पितळी तांब्या आणला. तो १ लिटरचा नव्हता. पाण्याच्या बाटलीने मोजल्यावर पाऊण लिटरच्याही आत भरला. दुसऱ्या घरी पाकीट थोडेथोडे करून पेल्यात टाकले गेले आणि उरलेले पाकीट दुमडून फडताळात गेले. तिसऱ्या घरातले पाकीटच छोटे, २०० मिलिलिटरसाठीचे होते. बाजारात दोन्ही मिळतात, आणि छोटे पाकीट १ लिटर पाण्यात टाकले तर त्याचा उपयोग राहत नाही. त्या संध्याकाळी आम्ही वाक्य बदलले: "पाकिटावर किती पाणी लिहिले आहे ते आधी बघा. मोठे पाकीट असेल तर १ लिटरची पाण्याची बाटली गळ्यापर्यंत भरून त्यात सगळे एकदम टाका." तांब्याचे चित्र काढून बाटलीचे घातले. जस्ताच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्यायच्या, हे वाक्यही तळटीपेतून उचलून वर आणले, कारण ते कोणीच वाचले नव्हते.

परवानगी आणि वाटप

फुकट मिळते म्हणजे हवे तसे वापरता येते असे नाही. साहित्याच्या तळाशी क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे वापराच्या अटी सांगणाऱ्या मुक्त परवान्याचे, चिन्ह पाहावे आणि त्यात बदल करण्याची मुभा आहे का, ते वाचावे. जागतिक आरोग्य संघटनेची बहुतेक अलीकडील प्रकाशने विक्रीसाठी न वापरण्याच्या आणि त्याच अटींवर पुढे देण्याच्या शर्तीवर भाषांतरित करता येतात. परंतु हे भाषांतर संघटनेने केलेले नाही आणि मूळ इंग्रजी प्रतच प्रमाण आहे, असे लिहावे लागते आणि संघटनेचे बोधचिन्ह लावता येत नाही. गावातल्या माणसांचे फोटो वापरताना लेखी संमती घ्यावी. टीबी किंवा एचआयव्हीच्या पत्रकावर गावातला ओळखीचा चेहरा संमती असली तरी वापरू नये, कारण उद्या त्या घरात सोयरीक अडेल.

व्हॉट्सॲपवर एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. एप्रिल २०२० पासून अनेकदा पुढे ढकललेला संदेश एका वेळी एकाच गटात पाठवता येतो आणि त्यावर दुहेरी बाण दिसतो. तो बाण दिसला की शहाणी माणसे शंका घेतात, आणि घ्यावीच. म्हणून आपली ध्वनिफीत दुसऱ्याकडून आलेली पुढे ढकलण्याऐवजी मूळ फाइलमधून प्रत्येक गटात नव्याने पाठवावी आणि सोबत आपले व आरोग्य केंद्राचे नाव लिहावे. कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगेच्या काठच्या गावांनी पावसाळ्यापूर्वीच पाणी उकळणे, जुलाब आणि सर्पदंश यांविषयीच्या फिती फोनमध्ये उतरवून ठेवाव्यात. पूर आला की वीज जाते आणि नेटवर्कही जाते, हे २०१९ मध्ये सर्वांनी पाहिले आहे.

काय मोजावे

किती पत्रके वाटली आणि किती जणांनी फीत ऐकली, हे आकडे अहवालाला शोभतात. आपल्या पहिल्या ओळीतील कृती घडली का, हेच मोजावे. आम्ही तीन साध्या नोंदी ठेवतो: तंबाखू सोडण्यासाठीच्या क्रमांकावर आमच्यासमोर किती जणींनी फोन लावला, तिशीपुढच्या किती बायका तोंडाच्या तपासणीसाठी आरोग्य केंद्रात गेल्या, आणि पुन्हा भेट दिली तेव्हा "आज सकाळी दात कशाने घासले?" या प्रश्नाचे उत्तर काय आले. तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तीन बोटे उभी न मावण्याइतके कमी उघडणारे तोंड, यांपैकी काही आढळले तर पुढची तारीख न देता त्याच आठवड्यात दाखवायला न्यावे. प्रत्येक पत्रकाच्या कोपऱ्यात आवृत्ती क्रमांक आणि तारीख छापावी, म्हणजे जुने गठ्ठे वेळेवर बाजूला काढता येतात.

मशेरीच्या पत्रकाची सध्या चौथी आवृत्ती चालू आहे. तिच्यावर सिगारेट नाही; चुलीवरचा तवा आणि त्यावर काळी पडत चाललेली तंबाखू आहे. गेल्या पडताळणीत दहापैकी तिघींना ती करपलेली भाकरी वाटली, त्यामुळे चित्रकाराला तव्याशेजारी डबी काढायला सांगितली आहे.